रिपोर्टवरचा ‘बीटा’ कुठून आला?

पुण्यातल्या कुठल्याही लॅबचं दरपत्रक बघा, ‘बीटा एचसीजी’ ही टेस्ट त्यात असतेच. घरच्या किटवर दोन रेघा आल्या की डॉक्टर बऱ्याचदा हीच करायला सांगतात. एचसीजी म्हणजे गरोदरपणाचं हॉर्मोन, हे माहीत असतं. पण हा ‘बीटा’ कशाला? मला वाटायचं, बी-12 सारखं काहीतरी असेल. तर नाही. त्यामागे कॅन्सरची गोष्ट आहे.

साल 1956. अमेरिकेत बेथेस्डाच्या सरकारी संशोधन संस्थेत मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ कोरिओकार्सिनोमावर उपचार करत होते. हा वारेच्या पेशींचा कॅन्सर. पोटात मूल नसतानाही तो एचसीजी बनवतो. मेथोट्रेक्सेट दिल्यावर गाठी दिसेनाशा झाल्या, पण हॉर्मोन थोडं उरलेलंच. ली म्हणाले, ते पार जाईपर्यंत औषध थांबवायचं नाही. ठणठणीत दिसणाऱ्या बाईला एवढं जहाल औषध? वरिष्ठांना पटलं नाही आणि लींना संस्था सोडावी लागली. नंतर दिसलं की औषध लवकर थांबवलेल्यांचा कॅन्सर परत आला. लींच्या पेशंट बऱ्या राहिल्या.

पण ‘उरलेलं थोडं’ मोजायचं कसं? एचसीजीचे दोन भाग, अल्फा आणि बीटा. अल्फा भाग एलएच या दुसऱ्या हॉर्मोनमध्येही तोच असतो. एलएच आपल्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं, सगळ्यांच्याच अंगात असतं. त्यामुळे त्या काळच्या अँटीबॉडी दोघांनाही पकडायच्या. आकडा कॅन्सरचा की पिट्युटरीचा? कळायला मार्गच नाही. पाळी जाण्याच्या वयात एलएच वाढतं, म्हणून चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांची टेस्ट उगाचच पॉझिटिव्ह यायची. त्यांच्या घरात काय झालं असेल, विचार करा!

1972 मध्ये त्याच बेथेस्डात ज्युडिथ व्हायटुकायटिस, ग्लेन ब्राउनस्टीन आणि ग्रिफ रॉस यांनी तोडगा काढला: सशांना अख्खं हॉर्मोन न टोचता फक्त बीटा टोचायचा. एचसीजीचा बीटा 145 अमिनो आम्लांचा, एलएचचा 121 चा. बराचसा सारखा, पण एचसीजीला जादा शेपटी. सशांच्या अँटीबॉडींना दोघांतला फरक ओळखता आला. रिपोर्टवरचा ‘बीटा’ तो हाच. लींना लास्कर पुरस्कार मिळाला तोही 1972 मध्येच.

आपल्याकडे दिल्लीत गुरशरण प्राण तलवार यांनी हाच बीटा धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला जोडून गर्भनिरोधक लस बनवली. 1994 ला छापलेल्या चाचणीत पुरेशा अँटीबॉडी असलेल्या बायकांच्या 1224 मासिक चक्रांत गर्भ राहिला फक्त एकदा. लस अजून दुकानात नाही, तो वेगळा एपिसोड.

गंमत म्हणजे बीटाचेही अवतार आहेत. दिवस वर गेले की लघवीत त्याचा तुटका तुकडा खूप वाढतो. किटमधली एक अँटीबॉडी त्यालाच धरून बसते, दुसरीला चिकटायला जागाच सापडत नाही, आणि रेघ फिकी पडते किंवा उमटतच नाही. म्हणून दोन महिने पाळी चुकलेली आणि किट मात्र ‘निगेटिव्ह’ सांगतंय, असं झालं तर किटशी वाद घालत बसू नका. डॉक्टरांकडे जा, रक्तातलं बीटा एचसीजी करून घ्या.