लाकूड, फळी आणि रंग : खानदेशातील गाड्यांच्या काष्ठरेषांचा इतिहास

रेडिओ-नियंत्रित ट्रक, म्हणजे हातातील यंत्रावरून बिनतारी लहरींनी चालवली जाणारी ट्रकची छोटी प्रतिकृती. तिच्या प्लास्टिकच्या बॉडीवर लाकडाच्या रेषा हुबेहूब रंगवणे ही वरवर पाहता अलीकडच्या छंदाची बाब वाटते. परंतु ज्या ट्रकची ती प्रतिकृती असते त्याचा हौदा लाकडाचा का होता, ते लाकूड कोणते होते, ते कसे चिरले जात असे आणि वापराने त्याचा रंग कसा पालटत असे, हे जाणल्याखेरीज रंगवलेली रेषा खरी दिसत नाही. लाकडी बैलगाडीपासून महामार्गावरील मालट्रकपर्यंतची परंपरा ज्या प्रदेशात अखंड चालत आली, अशा खानदेशातील जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांच्या इतिहासात या प्रश्नांची उत्तरे सापडतात.

सातपुड्याच्या उतारावरील आणि डांगाकडील जंगलांतून येणारा साग हे खानदेशातील इमारती लाकडाचे मुख्य भांडवल होते. गाडीच्या कामाला मात्र एकटा साग पुरत नसे. आसासाठी, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यासाठी, चिवट धावडा वापरत. चाकाचे आरे आणि मधला तुंबा यांना धक्के सोसणारी बाभूळ लागे. आणि तापीच्या दोन्ही अंगांच्या कोरड्या टेकड्यांवर वाढणारा अंजन हा वृक्ष तर इतके जड आणि कठीण लाकूड देतो, की ते पाण्यात टाकले असता बुडते. आज नंदुरबार जिल्ह्यात असलेले, पण १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात मोडणारे तळोदे हे गाव लाकडाची मोठी बाजारपेठ होते. खानदेशातील उत्तम लाकडी गाड्या तेथे बनतात आणि एका गाडीला सुमारे ४० रुपये पडतात, अशी नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये आढळते. ही नोंद त्रोटक असली तरी महत्त्वाची आहे, कारण गाडी बांधणे हे केवळ गावच्या सुताराचे बलुत्याचे काम न राहता जंगलाच्या तोंडाशी वसलेल्या बाजारगावाचा स्वतंत्र धंदा झाले होते, हे तीवरून स्पष्ट होते.

१८१८ नंतर खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला, कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने पांझरेकाठचे धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले आणि मुंबई-आग्रा रस्त्याने त्या गावाचे वाहतुकीतील स्थान पक्के झाले. १८६० च्या दशकात रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ या मार्गाने पुढे गेली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) कापसाला आलेल्या तेजीचा काळही हाच होता. रेल्वेमुळे लांब पल्ल्याची बैलगाडी मागे पडली, तरी शेतापासून जिनिंगपर्यंत आणि तेथून स्थानकापर्यंत कापूस नेणाऱ्या गाड्यांची गरज उलट वाढली. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन राष्ट्रीय महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदू लागले आणि बैलगाडीचे काम ट्रककडे आले. १९५४ मध्ये टेल्को कंपनीने जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवण्यास आरंभ केला. तेव्हा आणि त्यानंतरही अनेक दशके कारखान्यातून बाहेर पडे तो बहुधा केवळ सांगाडा, म्हणजे चॅसिस, इंजिन आणि पुढचे आच्छादन एवढाच. केबिन आणि हौदा बांधण्याचे काम रस्त्याकाठच्या बॉडी बांधणाऱ्यांच्या वाट्याला येई, आणि त्यांच्याकडचा सुतार हा बैलगाडीच्या सुताराचा थेट वारस होता.

लाकडी हौद्याची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. चॅसिसवर आडवे जाड दांडे बसवत, त्यांवर लांबीच्या दिशेने फळ्यांची जमीन ठोकत, बाजूंना उभे खांब आणि त्यांत आडव्या फळ्या भरत, आणि मागे बिजागऱ्यांवर खाली पडणारा फाळका लावत. फळ्या एकाच झाडाच्या क्वचितच असत. बाहेरच्या अंगाला लाल, पिवळा, निळा असे झगझगीत रंग, नावे, मोर आणि फुले चढत, त्यामुळे लाकडाची रेषा तेथे पूर्णपणे झाकली जाई. ती उघडी राही केवळ हौद्याच्या जमिनीवर आणि फाळक्याच्या आतल्या अंगाला. अनेक प्रतिकृतींत ट्रकच्या बाहेरील बाजूंवर गुळगुळीत सागाची झळाळी रंगवलेली दिसते; ती भारतीय मालट्रकशी विसंगत आहे, आणि खानदेशी ट्रकच्या बाबतीत तर ती सरळ चूकच मानली पाहिजे.

रंगाने लाकडाचा भास निर्माण करण्याची कला मात्र जुनी आणि प्रतिष्ठित आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये ती इतकी विकसित झाली, की टॉमस कर्शॉ या रंगाऱ्याला १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात तिच्यासाठी पदक मिळाले. १९२३ साली स्थापन झालेल्या लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने सागवानी डब्यांच्या जागी पोलादी डबे आणले, तेव्हा त्या पत्र्यावरही सागाच्या रेषा रंगवल्या. लाकूड गेले तरी त्याच्याशी जोडलेली भक्कमपणाची भावना लोकांना हवी होती, हेच यामागचे कारण दिसते. आपल्याकडील पेंटर हेच काम दारांवर आणि लोखंडी कपाटांवर करत आले. पद्धत अशी : अस्तरावर फिकट पिवळसर रंगाचा थर द्यायचा, तो वाळल्यावर बेलतेलात, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलात, तपकिरी रंग पातळ कालवून वर फिरवायचा, आणि तो ओला असतानाच कंगवा, कोरडा ब्रश किंवा चिंधी ओढून खालचा थर रेषारेषांनी उघडा करायचा, शेवटी वॉर्निश. लाकडी नक्षी छापलेला सनमायका स्वस्त झाला आणि ही हातोटी पाहता पाहता मागे पडली, ही या धंद्याची खरी हानी होय.

या कामातील कौशल्याचा गाभा सुतारकीच्या ज्ञानात आहे. सागात दरवर्षीच्या वाढीची वलये ठळक असतात. खोड बाजूने चिरले तर फळीवर एकात एक बसणाऱ्या कमानी दिसतात आणि मध्यातून चिरले तर जवळजवळ समांतर सरळ रेघा येतात. अंजनासारख्या लाकडात वलये अस्पष्ट असून लालसर काळपट पट्टे तेवढे जाणवतात. म्हणून एकाच फळीवर कमानी आणि सरळ रेघा मनाला येतील तशा मिसळणे, किंवा दोन फळ्यांच्या सांध्यावरून रेषा अखंड पुढे नेणे, हे जाणत्या डोळ्याला तत्काळ खटकते.

प्रतिकृतीत याला प्रमाणाचा प्रश्न येऊन मिळतो. रेडिओ-नियंत्रित मालट्रकांसाठी जपानच्या तामिया कंपनीने रूढ केलेले १:१४ हे प्रमाण धरले, तर १५ सेंटिमीटर रुंदीची खरी फळी जेमतेम ११ मिलिमीटरची होते आणि ४ मिलिमीटर रुंदीचे वार्षिक वलय ०.३ मिलिमीटरपेक्षाही लहान होते. म्हणजे ज्या रेषांच्या मोहाने हे काम हाती घेतले जाते, त्या बहुतांश दिसेनाशाच व्हायला हव्यात. डोळ्याला पटतात त्या फळ्यांमधील गडद फटी, शेजारशेजारच्या फळ्यांच्या रंगांतील किंचित फरक, खिळ्यांभोवती उतरलेला गंज आणि मोजक्या गाठी. बॉडी अपारदर्शक प्लास्टिकची असेल तर रंग बाहेरून, फिकटाकडून गडदाकडे चढवतात. ती पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असेल तर रंग आतून द्यावा लागतो आणि सारा क्रम उलटतो : सर्वांत आधी गडद रेषा आणि फटी, मग मधले पातळ थर, आणि सर्वांत शेवटी लाकडाचा मूळ फिकट रंग. चिनी कारागिरांमार्फत पश्चिम भारतात रुजलेल्या काचचित्रांची रीतही हीच होती. त्यांतही दागिन्यांचे ठिपके आधी आणि पार्श्वभूमी शेवटी रंगवली जाई, आणि झालेली चूक झाकण्याची सोय नसे.

पृष्ठभागाच्या झिजेचा इतिहास हा या कामाचा सर्वांत समृद्ध, पण सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ऊन-पावसात उघडे राहिलेले सागवान तपकिरी न राहता रुपेरी करडे होते, म्हणून जुन्या हौद्याचा मूळ थर करड्याकडे झुकणारा हवा. खानदेशात त्यावर मालाच्या खुणा उमटतात. सुमारे १७० किलो वजनाच्या, पट्ट्यांनी आवळलेल्या कापसाच्या गाठी ओढताना फळ्यांवर लांबीच्या दिशेने ओरखडे पडतात आणि तेथे आतले ताजे, पिवळसर लाकूड उघडे होते. रावेर, यावल आणि सावदा परिसरातील केळी एके काळी मुख्यतः रेल्वेच्या वाघिणींतून दिल्लीकडे जात. पुढे ती ट्रकांनी जाऊ लागली, आणि घडांच्या दांड्यांतून गळणाऱ्या चिकाचे काळपट डाग, जे धुऊन निघत नाहीत, हौद्याच्या जमिनीवर साचत गेले. प्रतिकृतीत हे डाग करड्या थरावर, काळ्यात थोडा तपकिरी मिसळून, अगदी पातळ रंगाने आणि जमिनीच्या कडांपेक्षा मध्यभागी अधिक दाट द्यावे लागतात; ओरखडे मात्र त्यानंतर, टोकदार ब्रशाने, फाळक्याकडून केबिनकडे एकाच दिशेने ओढायचे असतात, कारण माल त्याच वाटेने आत सरकवला जातो.