घरचे सांडपाणी, कचरा आणि शेण घरीच वापरा: भिंगार परिसरासाठी सोप्या सवयी

अहिल्यानगर शहर आणि लष्करी छावणीला लागून असलेल्या भिंगार परिसरात शेती व वस्ती शेजारी-शेजारी आहे. घरामागे अर्धा-एक गुंठा मोकळी जागा, गोठ्यात दोन-चार जनावरे आणि थोड्या अंतरावर जिरायत किंवा विहिरीवरचे रान, असे चित्र येथे अनेक घरी दिसते. नगर तालुका राज्याच्या अवर्षणप्रवण विभागात येतो. वार्षिक पाऊस साधारण ५०० ते ६०० मि.मी. असून त्यातही मोठे खंड पडतात. मार्च ते मे या काळात पाणी विकत घेण्याची वेळ येते आणि त्याच काळात घरातील वापरलेले पाणी मात्र गल्लीतील गटारीत वाहत असते.

या लेखात मोठा खर्च नसलेल्या घरगुती सवयी दिल्या आहेत. सुरुवात पाण्यापासून करावी, कारण पाण्याची सोय झाली की परसबाग, खत आणि स्वच्छता ही कामे सोपी होतात.

घरातील पाण्याचा हिशोब

जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाणी गृहीत धरले आहे. त्यानुसार पाच माणसांच्या घराचा हिशोब असा होतो.

- रोजचा वापर: ५ × ५५ = २७५ लिटर.
- यातील साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून बाहेर पडते: सुमारे २२० लिटर.
- शौचालयाचे आणि जास्त साबणाचे कपड्यांचे पाणी वगळले, तरी आंघोळ, भाजी-धान्य धुणे व भांड्यांचे १०० ते १२० लिटर पाणी बागेसाठी उरते.

उन्हाळ्यात भाजीपाल्याला दर चौरस मीटरला रोज साधारण ५ ते ६ लिटर पाणी लागते. म्हणजे १२० लिटरमध्ये सुमारे २० चौ.मी. बाग, म्हणजेच गुंठ्याचा पाचवा भाग, भर उन्हाळ्यातही हिरवा राहू शकतो. त्यासाठी वेगळे पाणी विकत घ्यावे लागत नाही.

हिशोब मांडून पाणी वापरण्याचे उत्तम उदाहरण याच तालुक्यात आहे. हिवरे बाजार येथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली जातात. शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर आणि ऊस-केळीसारख्या जास्त पाण्याच्या पिकांवर गावाने स्वतःच बंधन घातले. हाच ताळेबंद घराच्या पातळीवरही मांडता येतो. एक आठवडा रोज किती बादल्या किंवा हंडे लागले, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावे. पाणी कोठे वाया जाते, हे आठ दिवसांत लक्षात येते.

सांडपाण्यावर परसबाग

१. पाणी गाळून घ्यावे. मोरीच्या बाहेर सुमारे २ × २ × २ फुटांचा खड्डा घ्यावा. तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर जाड वाळू आणि सर्वांत वर नारळाच्या शेंड्या किंवा गोणपाट ठेवावे. अन्नाचे कण व तेलकटपणा वरच्या थरात अडकतो. हा थर दर १५ दिवसांनी काढून कंपोस्टमध्ये टाकावा आणि नवीन बसवावा.

२. पाणी साठवू नये. सांडपाणी २४ तासांपेक्षा जास्त काळ साठवल्यास कुजते, वास येतो व डास होतात. गाळलेले पाणी त्याच दिवशी जमिनीत द्यावे.

३. पाणी मुळाशी द्यावे. पाने व फळांवर पाणी उडू देऊ नये. आळ्यात पालापाचोळ्याचे २ ते ३ इंच आच्छादन करावे, म्हणजे ओल टिकते आणि पाणी उघड्यावर साचत नाही.

४. पिकांची निवड विचारपूर्वक करावी.

- योग्य: शेवगा, केळी, अळू, कढीपत्ता, लिंबू, गवती चहा, कर्दळ, मांडवावरील दोडका, घोसाळे व भोपळा, शेळ्यांसाठी नेपिअर गवत.
- पपई लावल्यास उंचवट्यावर लावावी. बुंध्याशी पाणी साचले की ती कुजते.
- टाळावे: मुळा, गाजर, बीट आणि कच्ची खाण्याची कोथिंबीर, मेथी, पालक. या भाज्यांना स्वच्छ पाणीच द्यावे.

शेतात केळी नको आणि परसात चालते, यात विसंगती नाही. येथे दोन-तीन खुंटांना मोरीचे पाणी मिळते. त्यासाठी भूजल उपसले जात नाही.

साबण आणि काळी जमीन

हा मुद्दा बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित राहतो. कपड्यांच्या पावडरमध्ये सोडियमयुक्त क्षार असतात. आपल्या भागातील काळ्या, चिकण जमिनी आधीच विम्लधर्मी आहेत. सोडियम वाढले की मातीचे कण विखुरतात, जमीन घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि वरती पांढरट थर दिसू लागतो. म्हणून पुढील काळजी घ्यावी.

- कपड्यांचे पहिले फेसाळ पाणी बागेला देऊ नये, ते शोषखड्ड्यात सोडावे. शेवटच्या खळबळण्याचे पाणी चालते.
- शक्य तेथे रिठा वापरावा. पावडर मोजून घ्यावी.
- एकाच आळ्याला रोज सांडपाणी न देता आळी आलटून-पालटून भिजवावीत. पावसाळ्यात सांडपाणी बंद ठेवून पावसाच्या पाण्याने क्षार खाली जाऊ द्यावेत.
- वर्षातून एकदा बागेच्या मातीचा सामू व क्षारता तपासून घ्यावी. जिप्समचा वापर अहवाल पाहूनच करावा.

चुलीची राख वाफ्यात ओतण्याची सवयही सोडावी. राख विम्लधर्मी असल्याने आपल्या जमिनीत तिचा फायदा कमी आणि तोटा जास्त होतो. राखेचा उपयोग बियाणे साठवण्यासाठी व भांडी घासण्यासाठी करावा. कंपोस्टमध्ये ती मूठभरच टाकावी.

शोषखड्डा: बाग नसेल तेथे

जागा कमी असेल किंवा पाणी जास्त असेल, तर शोषखड्डा घ्यावा. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे घेऊन उघडी गटारे व डास कमी केले. पुढे ही पद्धत ‘जादुई शोषखड्डा’ म्हणून राज्यभर परिचित झाली.

- आकार: पाच-सहा माणसांसाठी साधारण ४ × ४ × ४ फूट.
- मध्यभागी छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी किंवा मोठा माठ ठेवावा. सभोवती तळाकडे मोठे दगड आणि वरच्या बाजूस लहान दगड भरावेत.
- पाणी टाकीत येण्यापूर्वी जाळीतून यावे. टाकीवर झाकण असावे, वरून पाणी उघडे दिसता कामा नये.
- विहीर किंवा बोअरवेलपासून किमान १५ मीटर दूर व उताराच्या बाजूला खड्डा घ्यावा.
- खोल काळ्या मातीत पाणी हळू जिरते. तेथे मुरूम लागेपर्यंत खोल जावे. आधी छोटा खड्डा खणून, त्यात दोन बादल्या पाणी ओतून किती वेळात जिरते ते पाहावे.

सांडपाणी बोअरवेलमध्ये किंवा पडक्या आडात कधीही सोडू नये. एका घराची सोय होते, पण आजूबाजूच्या सर्व घरांचे पिण्याचे पाणी दूषित होते.

छतावरचे पाऊसपाणी

३० चौ.मी. पत्र्याच्या छतावर ५५० मि.मी. पाऊस पडल्यास, २० टक्के घट धरूनही वर्षाला सुमारे १३,००० लिटर पाणी मिळते. सर्व साठवणे शक्य नसले, तरी २,००० लिटरची टाकी पावसाळ्यात अनेकदा भरते. हे पाणी जनावरे, भांडी व रोपांसाठी उपयोगी पडते. पावसाळ्यापूर्वी छत व पन्हाळी झाडून घ्यावी, पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर सोडावे आणि टाकीच्या तोंडाला कापड व जाळी बांधावी. जास्तीचे पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून विहीर पुनर्भरणासाठी वापरावे. पिण्यासाठी वापरायचे असल्यास पाणी उकळून घ्यावे.

डासांसाठी आठवड्याचा ‘कोरडा दिवस’

पाणी साठवताना एक धोका लक्षात ठेवावा. डेंग्यूचा डास गटारीत नव्हे, तर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस रांजण, टाकी, जनावरांची छोटी भांडी व कुंड्यांखालच्या थाळ्या रिकाम्या करून घासून कोरड्या कराव्यात. हे पाणी फेकू नये, झाडांना घालावे.

ओला कचरा आणि पालापाचोळा

पालापाचोळा, तुराट्या, पाचट पेटवून देण्याची सवय अजूनही आहे. जाळल्याने सेंद्रिय कर्ब व नत्र हवेत जातात आणि हातात थोडी राख उरते. त्याऐवजी पुढीलप्रमाणे करावे.

- एका घरासाठी ३ × ३ × ३ फुटांचा विटांचा, भिंतीत भोके ठेवलेला हौद पुरेसा होतो.
- एक भाग ओला कचरा व शेण आणि दोन भाग कोरडा पाला असे थर द्यावेत. प्रत्येक थरावर माती पसरावी.
- मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये, इतकी ओल ठेवावी. वास आल्यास कोरडा पाला वाढवावा आणि ढीग हलवावा.
- गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीच उपटून टाकावे. बी धरलेले गवत हौदात घालू नये.
- प्लॅस्टिक, काच, औषधांच्या बाटल्या व कीटकनाशकांचे डबे वेगळे ठेवावेत. कीटकनाशकाचा डबा धुऊनही घरात किंवा पाण्यासाठी वापरू नये.

दोन-तीन घरे एकत्र आल्यास नाडेप पद्धत सोयीची ठरते. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली ही पद्धत कमी शेणात जास्त खत देते. १० × ६ × ३ फुटांच्या हौदाला सुमारे १०० किलो शेण, १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा आणि १,७०० किलोच्या आसपास चाळलेली माती लागते. ९० ते १२० दिवसांत खत तयार होते. हौद भरण्यास दीड-दोन हजार लिटर पाणी लागते, म्हणून पावसाळ्याच्या शेवटी, खरिपाचा काडीकचरा हाताशी असताना हौद भरावा. उन्हाळ्यात भरू नये.

शेण: गोवऱ्या की गोबरगॅस?

गोवऱ्या जाळल्याने खत जाते आणि धुराचा त्रास स्वयंपाक करणाऱ्यांना होतो. ४ ते ५ मोठी जनावरे असल्यास २ घनमीटरचे गोबरगॅस संयंत्र चालते. त्याला रोज साधारण ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. पाच-सहा माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी संयंत्रात चालते, साबणाचे मात्र चालत नाही. त्यामुळे जिवाणू मरून गॅस कमी होतो. बाहेर पडणारी मळी थेट शेतात किंवा कंपोस्टमध्ये वापरावी. एक-दोनच जनावरे असल्यास संयंत्रापेक्षा कंपोस्ट किंवा गांडूळखत परवडते.

घरचे बियाणे

घेवडा, वाल, दोडका, भोपळा यांचे गावरान बी घरी धरता येते. याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. त्यांना पद्मश्री मिळाली आहे. निरोगी वेलावरील मधले, पूर्ण पक्व फळ बियाण्यासाठी राखावे. बी सावलीत सुकवून राखेत घोळावे आणि कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांसह मडक्यात ठेवावे. मडक्यावर पिकाचे नाव व वर्ष लिहावे. संकरित वाणाचे बी धरू नये, पुढच्या पिढीत ते एकसारखे येत नाही.

वर्षभराचे कामाचे वेळापत्रक

- मे: पन्हाळी, टाकी व शोषखड्ड्याची जाळी साफ करणे, आळी तयार करणे.
- जून-जुलै: शेवगा, कढीपत्ता, लिंबू यांची लागवड, मांडवावरील वेलांची टोकणी.
- ऑगस्ट-सप्टेंबर: गाजरगवत उपटणे, साठवलेले पाणी तपासणे, कोरडा दिवस न चुकवणे.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर: कंपोस्ट किंवा नाडेप हौद भरणे, घरचे बी निवडणे.
- डिसेंबर-जानेवारी: बागेची माती तपासणे, आच्छादन वाढवणे.
- फेब्रुवारी-मे: सांडपाणी आलटून-पालटून देणे, पाण्याची रोजची नोंद ठेवणे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

सर्व सवयी एकाच बैठकीत सांगू नयेत. एका गल्लीतील तीन-चार घरे निवडून आधी पाण्याची आठवडाभर नोंद घ्यावी व नंतर एकच काम, गाळण खड्डा किंवा शोषखड्डा, प्रत्यक्ष करून दाखवावे. बैठक महिलांच्या सोयीच्या वेळी ठेवावी, कारण पाणी, मोरी आणि कचरा यांचे रोजचे निर्णय बहुतेक घरी त्याच घेतात. सहा महिन्यांनी पुन्हा भेट देऊन जाळी साफ होते का आणि आळ्यात पांढरा थर दिसतो का, हे पाहावे. बंद पडलेल्या खड्ड्याचे कारण बहुधा साफसफाई न होणे हेच असते.

थोडक्यात

पहिल्या महिन्यात तीनच गोष्टी कराव्यात: पाण्याची नोंद, गाळण खड्डा आणि आठवड्याचा कोरडा दिवस. त्या अंगवळणी पडल्यावर कंपोस्ट व बियाण्याकडे वळावे. माती परीक्षण, रोपे व वाणांच्या माहितीसाठी आपले सहायक कृषी अधिकारी, कृषी विज्ञान केंद्र किंवा राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्याशी संपर्क साधावा.