पायातल्या शिरांची साडेतीन हजार वर्षं

आजचा विषय तसा घरगुती आहे, व्हेरिकोज व्हेन्स. पोटरीवर, गुडघ्यामागे निळसर, फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा दिसतात ना, त्याच. शाळेतल्या बाई, एसटीचा कंडक्टर, केस कापणारे काका, ओट्यापाशी उभी राहून जिचा दिवस सरतो ती मावशी. असे पाय आपल्या ओळखीत कुठे ना कुठे असतातच. राजे-महाराजे, लढाया यांच्या इतिहासात हे दुखणं कुठून आलं, असं वाटेल. पण एका लढवय्यापासूनच सुरुवात करता येते.

गायस मारियस हा रोमचा सेनापती. सात वेळा कॉन्सल झालेला माणूस. त्याच्या दोन्ही पायांवर अशा शिरा होत्या. प्लुटार्क सांगतो, की शस्त्रक्रियेच्या वेळी त्याने स्वतःला बांधून घ्यायला नकार दिला. भूल वगैरे काही नाही बरं का! एक पाय पुढे केला आणि हूं की चूं न करता सगळं सोसलं. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा मात्र मारियस म्हणाला, पुरे. एवढ्या वेदना सोसाव्यात इतका काही हा उपाय मोलाचा नाही.

हा हिशोब लक्षात ठेवा. उपाय दुखण्यापेक्षा जड होतोय का? पुढची दोन हजार वर्षं हा आजार याच प्रश्नाभोवती फिरत राहिला.

मारियसच्याही आधी, इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमाराचा इजिप्तमधला एबर्स पपायरस अशा नागमोडी फुगवट्यांना सुरी लावू नका असंच बजावतो. अथेन्सच्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं एक शिल्प आहे. त्यात एक माणूस भलामोठा पाय हातांत धरून उभा आहे आणि त्या पायावर फुगलेली शीर कोरलेली आहे. देवाला वाहिलेला नवसच तो. आपल्याकडे नवसाला चांदीचे डोळे, हात, पाय वाहतात, तसंच. रोममध्ये पहिल्या शतकात सेल्ससने शिरा डागायच्या आणि आकड्याने ओढून कापायच्या पद्धती लिहून ठेवल्या. हात धाडसी होते. पण शीर फुगते का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

ते कळायला पादुआ गाठावं लागतं. तिथे फाब्रिशियस नावाचा शरीररचनेचा प्राध्यापक होता. १६०३ साली त्याने शिरांच्या आतल्या छोट्या झडपांवर पुस्तक काढलं. झडपा त्याने पाहिल्या, सुंदर चित्रं काढली, पण त्यांचं काम त्याला वेगळंच वाटलं. त्या काळच्या समजुतीप्रमाणे शिरांतलं रक्त बाहेर, हातापायांकडे जायचं. त्यामुळे सगळं रक्त खाली जाऊन साचू नये म्हणून या झडपा त्याचा वेग कमी करतात, असं त्याने मांडलं. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या विल्यम हार्वेने १६२८ मध्ये उलटं सांगितलं. दंडाला पट्टी बांधायची, फुगलेल्या शिरेवर बोट ठेवून रक्त सरकवून बघायचं. ते हृदयाच्या दिशेने सरकतं, उलट दिशेने सरकत नाही. झडप म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार!

आता पायाचा विचार करा. घोट्यापासून हृदयापर्यंत रक्ताला चढ चढायचा असतो. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जातात आणि ते रक्ताला वर ढकलतात. ते परत खाली येऊ नये म्हणून झडपा मिटतात. नुसतं उभं राहिलं तर घोट्याजवळच्या शिरेत साधारण ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. निरोगी माणूस चालायला लागला की तो ३० च्या आसपास उतरतो. झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त मागे घसरतं, साचतं आणि शीर फुगते. घराण्यात असेल, बाळंतपणं झाली असतील, वजन जास्त असेल तर शक्यता वाढते. तासन्‌तास उभं राहण्याने त्रास वाढतो.

१८९० च्या सुमारास जर्मनीत बॉनच्या फ्रीडरिख ट्रेंडेलेनबर्गने हे मागे घसरणं रुग्णाच्या पायावरच दाखवून दिलं. पाय वर उचलून शीर रिकामी करायची, मांडीवर दाबून धरायची आणि रुग्णाला उभं करून दाब सोडायचा. शीर वरून खाली भरली, की झडप बिघडलेली. मग त्याने मांडीतली शीरच बांधून टाकायला सुरुवात केली. १९०७ मध्ये अमेरिकेत बॅबकॉकने शिरेच्या आतून लवचीक सळी घालून अख्खी शीर ओढून काढायची पद्धत आणली. विसाव्या शतकाचा बराचसा काळ तीच चालली.

पण एक धोका होता. ऑपरेशननंतर रुग्णाला अंथरुणावर निजवून ठेवायची पद्धत होती. निजलेल्या पायात पोटरीचा पंप बंद. रक्ताची गुठळी व्हायची आणि ती फुप्फुसात गेली तर जीवच जायचा. याच ट्रेंडेलेनबर्गने पुढे फुप्फुसातली गुठळी काढायची शस्त्रक्रियाही करून पाहिली, पण त्याचा एकही रुग्ण वाचला नाही. १९२४ मध्ये त्याचा शिष्य किर्शनर यात यशस्वी झाला.

हा भाग करावासा वाटला तो आईमुळे. तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहून शिकवलेली बाई. गेल्या वर्षी तिच्या पायाची शीर लेसरने बंद केली. घरी आल्या आल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, “महिनाभर पाय खाली टेकवू नका हो!” आणि डॉक्टरांनी तर त्याच संध्याकाळी चालायला सांगितलेलं. आईला प्रश्न पडला, ऐकायचं कोणाचं? काकूंचा सल्ला प्रेमाचा होता, पण शंभर वर्षं जुना होता.

आईचा दुसरा प्रश्न जास्त चांगला होता: “शीर बंद केली, मग रक्त जाणार कुठून?” तर पायातलं सुमारे ९० टक्के रक्त आतल्या, खोल शिरांतूनच वर जातं. त्वचेखालची बिघडलेली शीर बंद झाली की रक्त चांगल्या वाटेने जातं. म्हणून तर आधी सोनोग्राफी करून आतल्या शिरा ठीक आहेत ना, ते बघतात.

लेसर आणि रेडिओफ्रिक्वेन्सी आल्या त्या १९९९ च्या आगेमागे. आता बहुतेकांचं काम जागेवरच भूल देऊन होतं. काळंनिळं पडतं, मांडीत आतून दोरी ताणल्यासारखं वाटतं. हे काही आठवड्यांत ओसरतं. घट्ट मोजे घालायला देतात, त्यांचीही गोष्ट आहे. कॉनरॅड जॉब्स्ट नावाच्या इंजिनियरला स्वतःलाच शिरांचा त्रास होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिल्यावर पायांना बरं वाटतं, हे त्याच्या लक्षात आलं. पाण्याचा दाब तळाशी जास्त, वर कमी. त्यावरून त्याने घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारे मोजे बनवले. हे मोजे किती दिवस घालायचे, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारा. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये उपचारानंतर सात दिवसांपेक्षा जास्त नको असं म्हटलं, आपल्याकडे काही डॉक्टर जास्त दिवस सांगतात.

एक गोष्ट मात्र विसरू नका. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि धाप लागली, छातीत दुखलं, तर तडक इस्पितळ.

मारियसला आज विचारलं असतं, तर त्याने दुसराही पाय पुढे केला असता असं मला वाटतं. तरी त्याचा प्रश्न अजून खरा आहे. नुसत्या दिसणाऱ्या, न दुखणाऱ्या शिरेला उपचार लागतोच असं नाही. पाय जड होतात, घोट्याशी कातडी काळवंडते, जखम भरत नाही, तेव्हा मात्र अंगावर काढू नका.

बरं, तासभर बसून ऐकत असाल तर आता उठा, दोन फेऱ्या मारून या. भेटूया पुढच्या भागात.