मागणी-अंदाज व वितरण नियोजन (भोपाळ)
उद्या कुठे किती माल लागेल हे आधी ताडून गाड्यांच्या फेऱ्या व चालकांच्या पाळ्या ठरवण्याची पद्धत. तिची खरी कसोटी लागते ती दुधासारख्या नाशवंत मालात. भोपाळकरांच्या परिचयाचे ‘सांची’ दूध मध्य प्रदेशातील सहकारी दुग्ध महासंघाचे (स्थापना १९८०). अशा वितरणात विक्रेत्यांची आदल्या दिवशीची मागणी हा पाया. पण पंचांग जवळ नसेल तर नुसते आकडे फसवतात. ईदला शीरखुर्मा, कोजागरीला खीर! अंदाज कमी पडला तर पहाटेचा टेम्पो पुन्हा त्याच गल्लीत; जास्त झाला तर भरलेले क्रेट तसेच परत. मोटार परिवहन कामगार कायद्याने (१९६१; २०२५ पर्यंत लागू) चालकाला सर्वसाधारणपणे दिवसाला ८, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. सणाच्या जादा फेऱ्या एकाच चालकाच्या तासांत बसत नाहीत, म्हणून सणाआधी बदली चालक सांगून ठेवावा लागतो.