लोखंडाचा एक खिळाही नसलेली गाडी

गाड्यांची लांबच लांब रांग, गाड्यांवर पांढऱ्या कापडाची कमान, पुढे बैल नाहीतर घोडे आणि क्षितिजापर्यंत नुसतं गवत... हे चित्र तुम्ही इंग्रजी सिनेमात कधी ना कधी पाहिलेलं असणार. अमेरिकेत पश्चिमेकडे नशीब काढायला निघालेले लोक ते हेच. कॅनडातही अशी पश्चिमेची वाट होती आणि त्या वाटेची स्वतःची अशी एक गाडीही होती. ती बिचारी हॉलिवूडला पोचली नाही, त्यामुळे आपल्याकडे तिची फारशी ओळख नाही. आज तिच्याबद्दल आणि तिच्याबरोबर चालत गेलेल्या काही लोकांबद्दल लिहायचं म्हणतोय.

मी राहतो एडमंटनला, म्हणजे अल्बर्टा प्रांताच्या राजधानीत. पीएचडीला आलो आणि नोकरीच्या निमित्ताने इथलाच झालो. माझा विषय आहे झीज. वाळू मिसळलेला गाळ पाइपातून वाहू लागला की पाइप आतून किती झिजतो, हे मोजण्याचा मला पगार मिळतो! हिवाळा इथे पाच महिन्यांचा, बाहेर उणे पंचवीस, त्यामुळे वाचायला वेळ भरपूर. गेले दोन हिवाळे मी या भागात आधी आलेल्या लोकांच्या हकिकती वाचतोय. आणि धंदाच झिजेचा असल्यामुळे माझं लक्ष सगळ्यात आधी गेलं ते गाडीच्या आखाकडे.

या गाडीचं नाव रेड रिव्हर कार्ट. दोन चाकं, ओढायला एकच बैल किंवा एकच घोडा, आणि सगळी गाडी लाकूड आणि कातडं एवढ्यावर उभी. लोखंडाचा खिळासुद्धा नाही. चाकं चांगली पाच फुटांची आणि बशीसारखी किंचित खोलगट, म्हणजे चिखलात आणि उतारावर गाडी सहसा कलंडत नाही. माल साधारण चारशे किलो. नदी आडवी आली तर चाकं काढायची, एकत्र बांधायची, भोवती बायसनचं कातडं गुंडाळायचं, की झाला तराफा तयार. काही मोडलं तर कुऱ्हाड, करवत आणि गिरमिट हाताशी असलं की रानातल्या रानात दुरुस्ती.

आपल्याकडे लोहार चाकावर धाव चढवतो ते आठवतंय? धाव लालबुंद तापवायची, चाकावर ठोकून बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. थंड होताना ती आवळते आणि सगळं चाक घट्ट धरून ठेवते. इथे माळरानावर लोहार कुठला आणायचा? मग हे लोक बायसनच्या कातड्याच्या ओल्या पट्ट्या चाकावर आवळून बांधत. कातडं वाळताना आकसतं आणि तेच काम करतं. तत्त्व एकच. आपण उष्णता वापरली, त्यांनी पाणी!

पण खरी गंमत आखाची. आपल्या बैलगाडीला वंगण घालायचं असतं हे पोरासोरांनाही माहीत. या गाडीला वंगण घालतच नसत, आणि तेही मुद्दाम. माळावरची बारीक धूळ वंगणात मिसळली की तिचा लेप होतो आणि तो लेप आख कानशीसारखा घासून काढतो. मी प्रयोगशाळेत ज्याला तोंड देतो ते नेमकं हेच. त्यापेक्षा कोरडा आख परवडला. तो झिजला की झाड तोडून दुसरा करायचा. एकेका प्रवासात कितीदा तरी आख बदलावे लागत. आणि कोरडं लाकूड लाकडावर घासण्याचा आवाज? काही मैलांवरून ऐकू यायचा म्हणतात. शंभर गाड्यांचा तांडा निघाला की काय होत असेल, कल्पनाच केलेली बरी.

आता ही गाडी कुणाची? तर मेटी लोकांची. कातड्याच्या व्यापारासाठी आलेले फ्रेंच आणि स्कॉटिश पुरुष आणि इथल्या क्री, ओजिब्वे वगैरे जमातींच्या बायका, यांच्या संसारातून जो समाज तयार झाला तो मेटी. आजचं विनिपेग शहर जिथे आहे त्या रेड नदीच्या काठी त्यांची वस्ती होती. तिथून एडमंटनपर्यंत, आजच्या रस्त्याने मोजलं तर सुमारे १३०० किलोमीटर, गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या होत्या. आणि वाटेतली शिदोरी म्हणजे पेमिकन. बायसनचं मांस वाळवून कुटायचं, त्यात चरबी आणि रानातली बोरासारखी फळं घालायची. हे महिनोन् महिने टिकतं. म्हणजे गाडी, वाट आणि शिदोरी, प्रवासाला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी तयार होत्या. फक्त 'पायोनियर' यायचे बाकी होते!

ते आले १८६२ साली. पलीकडे ब्रिटिश कोलंबियात, कॅरिबूच्या डोंगरात सोनं सापडल्याची बातमी पसरली आणि ओंटारिओ, क्यूबेककडची तरुण मंडळी निघाली. रेल्वे पश्चिमेला पोचलेली नव्हती. सरळ जमिनीवरून जायचं म्हणून निघालेल्या या लोकांना इतिहासात 'ओव्हरलँडर्स' म्हणतात. फोर्ट गॅरीहून, म्हणजे आजच्या विनिपेगहून, जूनच्या सुरुवातीला जो मोठा तांडा निघाला त्यात सुमारे दीडशे माणसं आणि ९७ रेड रिव्हर गाड्या होत्या. म्होरक्या होता थॉमस मॅकमिकिंग. त्याने लिहिलेली हकिकत आजही वाचायला मिळते. रविवारी प्रवास बंद, रात्री पहारा, सगळं कसं शिस्तीत.

या सगळ्या पुरुषांत बाई एकच. कॅथरीन शूबर्ट. मूळच्या आयर्लंडच्या. बरोबर नवरा, तीन लहान मुलं, आणि चौथं पोटात! प्रवास दोन महिन्यांत आटपेल असा तांड्याचा अंदाज होता. कॅथरीनबाईंनीही तोच हिशोब केला असणार.

वाटेत पहिला धक्का बसला तो असा की पैसे देऊन ठरवलेला वाटाड्या मध्येच पसार झाला. तरी तांडा अडला नाही. का? तर चाकोऱ्या समोर दिसतच होत्या. २१ जुलैला ते एडमंटनच्या किल्ल्यात पोचले. आज जिथे आमच्या प्रांताची विधानसभा आहे तिथेच, नदीकाठी हा किल्ला होता. इथे गाड्यांची साथ संपली, कारण पुढे दलदल, जंगल आणि मग रॉकी पर्वत. गाड्या देऊन टाकल्या आणि ओझ्याचे घोडे घेतले. आंद्रे कार्डिनल नावाचा मेटी वाटाड्या इथून पुढे मिळाला आणि त्याने त्यांना ऑगस्टच्या अखेरीस पर्वतापलीकडे, फ्रेझर नदीकाठच्या टेट जॉन कॅश या ठिकाणी पोचवलं.

तोवर दोन महिन्यांचे जवळजवळ तीन झाले होते. पीठ संपलं होतं, ओझ्याची जनावरं मारून खायची वेळ आली होती. टेट जॉन कॅशला त्यांना सेक्वेप्मक लोक भेटले. (गोरे लोक त्यांना शुस्वाप म्हणत.) त्यांनी सामन मासे आणि वाळवलेल्या फळांच्या वड्या दिल्या आणि बदल्यात काडतुसं, सुया-दोरे, रुमाल असं घेतलं. पुढे तांडा फुटला. बरेच जण तराफे बांधून फ्रेझर नदीतून गेले. शूबर्ट कुटुंब दुसऱ्या गटाबरोबर नॉर्थ थॉम्प्सन नदीच्या काठाने कॅमलूप्सकडे निघालं. दोन्हीकडे काही माणसं बुडाली.

आणि मग ती बटाट्यांची गोष्ट. १८६२ च्या वसंतात सॅन फ्रान्सिस्कोहून आलेल्या जहाजातून व्हिक्टोरिया बंदरात देवीचा रोग आला आणि सोन्याच्या वाटांनी आत आत शिरला. देवी म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. इथल्या मूळ लोकांनी तर हा रोग सोसण्याची कुठलीच ताकद अंगात कमावलेली नव्हती. गावंच्या गावं बसली. शूबर्ट मंडळींचा गट उपाशी अवस्थेत नदीकाठच्या अशाच एका गावात पोचला. गावात प्रेतं होती, जिवंत माणूस नव्हता. शेतात मात्र बटाटे होते. त्यांनी ते उकरून काढले आणि खाल्ले. त्यावरच ते कॅमलूप्सपर्यंत तगले. १४ ऑक्टोबर १८६२ ला कॅमलूप्सला कॅथरीनबाई बाळंत झाल्या. मुलगी झाली, नाव रोझ. बाळंतपणाला तिथल्या सेक्वेप्मक बाया धावून आल्या, असं सांगतात.

सोनं? या तांड्यातल्या फार थोड्यांना मिळालं. खाणींच्या तोंडाशी पोचेतो हिवाळा आला होता, भाव गगनाला भिडले होते. कित्येक जण फावडं न मारताच किनाऱ्याकडे गेले. मॅकमिकिंग चारच वर्षांनी, १८६६ मध्ये, बुडणाऱ्या मुलाला वाचवायला त्याच फ्रेझर नदीत उतरला आणि स्वतःही गेला. शूबर्ट कुटुंब मात्र टिकलं, जमीनजुमला केला. कॅथरीनबाई १९१८ पर्यंत जगल्या.

इथपर्यंतची गोष्ट इथे सगळीकडे अभिमानाने सांगितली जाते, आणि अभिमान वाटावा अशी ती आहेच. पोटुशी बाई तीन पोरांना घेऊन अर्धा खंड पार करते, ही काय साधी गोष्ट आहे? पण ज्यांनी गाडी दिली आणि ज्यांच्या शेतातले बटाटे खाल्ले, त्यांचं पुढे काय झालं हे त्याच गोष्टीत सहसा येत नाही. म्हणून ते मुद्दाम शोधलं.

बटाटेवाल्यांचं आधी. ब्रिटिश कोलंबियात नव्याने आलेल्या माणसाला १६० एकर जमिनीवर हक्क सांगता येत असे. १८६६ मध्ये नियम आला की मूळ लोकांना गव्हर्नरच्या खास परवानगीशिवाय असा हक्क सांगता येणार नाही. बटाट्यांना तेव्हा चार वर्षं झाली होती.

आता गाडीवाल्यांचं. ऑक्टोबर १८६९ मध्ये कॅनडा सरकारचे मोजणीदार रेड नदीच्या काठी आले. जमीन कंपनीकडून कॅनडाकडे यायची होती, तो व्यवहारही पुरा झालेला नव्हता. मेटी लोकांची शेतं म्हणजे नदीपासून आत गेलेल्या लांब, अरुंद पट्ट्या, प्रत्येकाला पाणी मिळावं म्हणून तशा पाडलेल्या. मोजणीदारांना हवे होते एक मैलाचे चौकोन. ११ ऑक्टोबरला लुई रिएल नावाचा मेटी तरुण सोबत्यांसह आला आणि साखळीवर पाय ठेवून म्हणाला की आता पुढे नाही. हातात शस्त्र नाही, नुसता पाय.

ही साखळी आपल्याही ओळखीची आहे बरं का! ब्रिटिशांची गुंटरची साखळी ६६ फुटांची. मुंबई इलाख्याच्या मोजणीत तिच्या निम्मी, ३३ फुटांची साखळी वापरली. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. तुमच्या सातबाऱ्यावरचा गुंठा आणि माझ्या इथल्या शेतांचे चौकोन एकाच मापाची लेकरं आहेत. फरक एवढाच की आपल्याकडे साखळी आली ती मुख्यतः सारा ठरवायला, म्हणून शेत कसणाऱ्याचं नाव लिहून घेतलं गेलं. इथे ती आली नव्या माणसाला जमीन वाटायला. १८७२ च्या कायद्याने १० डॉलर फी भरली की १६० एकर, म्हणजे ६४०० गुंठे! तीन वर्षं राहायचं, घर बांधायचं, जमीन फोडायची, की मालकी आपली.

मेटींना १८७० च्या कायद्याने मुलाबाळांसाठी १४ लाख एकर देण्याचं वचन दिलं गेलं. वाटप इतकं रखडलं की बरेच जण गाड्या जुंपून आणखी पश्चिमेला निघून गेले. तिथेही मोजणी पोचली. १८८५ मध्ये लढाई झाली, ते हरले आणि १६ नोव्हेंबरला रिएलला रेजायनात फाशी दिलं. त्याआधी नऊच दिवस पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला गेला होता, लोखंडाचा. बायसनचे कळप तोवर संपले होते, गाडीचे दिवसही भरले होते. त्या १४ लाख एकरांच्या बाबतीत सरकारने कर्तव्यात कसूर केली, असा निकाल कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने दिला, तो २०१३ साली.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? थेट संबंध नाहीच. आपल्या लोकांना तर १९०८ च्या नियमाने इथे यायलाच बंदी केल्यासारखं होतं. रंग-वंश न बघता गुण मोजून घ्यायला सुरुवात झाली ती १९६७ पासून, आणि माझ्यासारखे त्या दाराने आले. तरी आमच्या मराठी मंडळींच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं, 'दोन बॅगा घेऊन आलो आणि सगळं शून्यातून उभं केलं.' कष्ट खरेच असतात, मी नाही म्हणत नाही. पण मला विमानतळावर घ्यायला एक अनोळखी सिनियर आला होता, पंधरा दिवस त्याच्या सोफ्यावर झोपलो, बर्फात चालायचे बूटही त्याचेच. शून्य वगैरे काही नव्हतं. म्हणून हल्ली कुणी ते वाक्य म्हटलं की मी हसत हसत विचारतो, "अहो, पहिल्या हिवाळ्यात बटाटे कुणाच्या शेतातले खाल्लेत?" गोष्ट माहीत नसलेला बावरतो. मग ती सांगावी लागते.

असो. कधी इकडे आलात तर एडमंटनहून हायवे १६ धरून जॅस्परमार्गे पश्चिमेला चला, थोडाफार ओव्हरलँडर्सच्याच वाटेने. या रस्त्याचं नाव यलोहेड, 'पिवळं डोकं', आणि टेट जॉनचाही अर्थ तोच. पिएर बोस्तोने नावाच्या, भुऱ्या केसांच्या मेटी वाटाड्याचं हे टोपणनाव. टेट जॉन कॅशजवळ रिअरगार्ड नावाचा धबधबा आहे. समुद्रापासून सुमारे १२०० किलोमीटर उलट पोहत आलेले सामन मासे ऑगस्टच्या अखेरीस तिथे उड्या मारताना दिसतात. १८६२ मध्ये त्या भुकेल्या तांड्याला मिळाले ते याच नदीतले. डबा बरोबर ठेवा.