फ्रँकलिन आणि खडकीचे बिनतारी केंद्र

फ्रँकलिन हे नाव वर्गात उच्चारले की मुलांस पतंगाच्या दोरीने वीज उतरविणारा अमेरिकन शास्त्रज्ञ आठवे. धायरीस राहणारा मी निवृत्त शिक्षक. मीही वर्षानुवर्षे तेवढेच शिकविले. आजचा फ्रँकलिन निराळा आहे. योगायोग असा की, यालाही आरंभी पतंगाचाच आश्रय करावा लागला, आणि त्याच्या कामाचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येऊन पोहोचला.

चार्ल्स सॅम्युअल फ्रँकलिन 1879 साली लंडनमध्ये जन्मला आणि 1899 साली मार्कोनीच्या कंपनीत नोकरीस लागला. कंपनीचे वय तेव्हा अवघे दोन वर्षे. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले आणि लष्कराच्या उपयोगासाठी कंपनीने यंत्रांसह सहा इंजिनिअर धाडले. वीस वर्षांचा फ्रँकलिन त्यांत होता. यंत्रे होती, पण तार उंच चढविण्यास खांब कोठे होते? ते जागेवर मिळतील ही समजूत फोल ठरली. बांबू उभारले, ते कोरड्या उन्हाने तडकले. मग मेजर बेडन-पॉवेल यांच्या साहाय्याने पतंग उडवून त्यांस तारा बांधल्या. वारा पडला की संदेशही पडे! लष्कराने अखेर तो नाद सोडला आणि यंत्रे आरमाराकडे गेली. बिनतारीत यंत्राइतकाच खांब महत्त्वाचा, हे कोणत्याही पुस्तकाने इतके स्पष्ट शिकविले नसते.

त्या काळी लांबचा पल्ला गाठावयाचा तर हजारो मीटर लांबीच्या लहरी आणि प्रचंड शक्ती हवी, असा समज रूढ होता. 1916 साली इटलीत मार्कोनीबरोबर फ्रँकलिनने दोन-तीन मीटरच्या लहरींवर प्रयोग आरंभिले. कंदिलामागे आरसा धरला म्हणजे सगळा उजेड एका दिशेस जातो, हे आपण जाणतोच. लांब लहरींस असा आरसा करणे अशक्य, कारण तो मैलोगणती पसरावा लागेल. आखूड लहरींस मात्र उंच खांबांवरून टांगलेल्या तारांचा पडदाच आरशाचे काम देतो. ही पडद्याची रचना फ्रँकलिनची. 1923 साली इंग्लंडमधील पोल्धू येथून त्याने धाडलेले संदेश मार्कोनीने आपल्या जहाजावर पार केप व्हर्दे बेटांजवळ ऐकले, आणि पुढल्याच वर्षी ब्रिटिश सरकारने या पद्धतीचा करार केला.

1927 साली हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामधील सेवा सुरू झाली. संदेश धाडण्याचे केंद्र खडकीस, घेण्याचे दौंडास. इतके अंतर कशासाठी? समुद्रापारहून येणारा क्षीण संदेश शेजारच्या प्रेषकयंत्राच्या गर्जनेत बुडू नये म्हणून. खांब कोणी रोवले, त्या उंचीवर चढून तारा कोणी ताणल्या, त्यांची नावे आपल्या बखरीत नाहीत. मार्कोनीचे नाव मात्र मुलांस पाठ असते. मला हे फार खटकते.

फ्रँकलिन थांबला नाही. 1936 साली बी.बी.सी.ने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून चित्रवाणी आरंभिली, तिचा आकाशक त्यानेच रचलेला. 1964 साली तो वारला. इकडे 1947 च्या आरंभी सरकारने परदेशी संदेशसेवा आपल्या हाती घेतली, आणि 1971 साली पुणे जिल्ह्यातच, आर्वी येथे, उपग्रहाकडे तोंड केलेली धातूची भव्य थाळी उभी राहिली. आरसाच तो, फक्त आता आकाशाकडे वळविलेला.