संगणकाच्या पटावरील राज्यपद्धती

राज्य कोणत्या पद्धतीने चालवावे हा प्रश्न शतकानुशतके तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत, राजांच्या खलबतखान्यांत आणि क्रांतिकारकांच्या जाहीरनाम्यांत चर्चिला गेला. परंतु ज्याच्या हाती तिळमात्र सत्ता नाही अशा सामान्य गृहस्थाने आपल्या खोलीत बसून राजेशाही पत्करावी की प्रजासत्ताक, याचा मध्यरात्र उलटेपर्यंत विचार करावा, आणि आपल्या निवडीची फळे कल्पित इतिहासाच्या पुढील सहस्र वर्षांत स्वतःच भोगावीत, ही संधी लक्षावधी लोकांना प्रथम दिली ती १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिव्हिलायझेशन’ या संगणकीय खेळाने. त्यानंतरच्या तीन दशकांत या खेळाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येकीत राज्यपद्धतींचा तक्ता नव्याने मांडला गेला. हे तक्ते क्रमाने वाचले असता, राज्यसत्तेचे स्वरूप काय, तिची किंमत कोण देतो आणि तिला आवर कोण घालतो, याविषयी खेळरचनाकारांच्या समजुती कशा पालटत गेल्या, याचा एक विचार करण्याजोगा इतिहास हाती लागतो.

मेरिलँड राज्यातील मायक्रोप्रोज कंपनीत सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी हा खेळ रचला. फ्रान्सिस ट्रेशम यांचा याच नावाचा पटावरील खेळ १९८० साली इंग्लंडात निघाला होता, आणि मायर यांनी स्वतः १९९० साली ‘रेलरोड टायकून’ हा आगगाड्यांच्या व्यवसायाचा खेळ सिद्ध केला होता. नव्या खेळात प्रत्येकाने आपापल्या पाळीने चाल करावयाची असल्यामुळे, खेळणारा हुकूम देईपर्यंत काळ त्याच्यासाठी थांबून राही, आणि म्हणूनच विचारपूर्वक निवड करण्याला तेथे खरा अवसर होता. इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी मूठभर वसाहतकऱ्यांनिशी आरंभ करणारा खेळाडू प्रथम निरंकुश एकतंत्री सत्तेचाच धनी असे. विद्या आणि कला यांची एकेक पायरी चढल्यावर राजेशाही, प्रजासत्ताक, साम्यवाद आणि लोकशाही हे मार्ग त्याला खुले होत.

या पद्धतींमधील भेद केवळ नावापुरते नव्हते. एकतंत्री अंमलात जी जमीन तीन किंवा अधिक परिमाणे उत्पन्न देण्याजोगी असे तिच्यातून एक परिमाण वजा होई, म्हणजे जुलमाच्या राज्यात सुपीक भूमीही आपले पुरते दान देत नाही, हे तत्त्व अंकगणिताच्या भाषेत सांगितले जाई. राजेशाहीत हा तोटा नाहीसा होई आणि शहरात फौज ठेवून प्रजेचा असंतोष दडपताही येई. साम्यवादात, राजधानीपासून मुलूख कितीही दूर असला तरी, भ्रष्टाचाराचे प्रमाण सर्वत्र सारखे राही. विस्तीर्ण साम्राज्याच्या धन्याला ही मोठीच सोय होती. प्रजासत्ताक आणि लोकशाही यांत व्यापाराला बहर येई, आणि लोकशाहीत तर भ्रष्टाचार समूळ नष्ट झाल्याचे मानले जाई. परंतु या वैभवाचा मोबदला मोजावा लागे. प्रजासत्ताकात स्वारीवर धाडलेल्या प्रत्येक पलटणीमागे तिच्या शहरातील एक नागरिक असंतुष्ट होई, लोकशाहीत दोन; एखाद्या शहरातील बंडाळी दुसऱ्या पाळीपर्यंत शमली नाही तर लोकशाही सरकारच कोसळे; आणि खेळाडूला युद्ध हवे असताना सिनेट मध्ये पडून शेजाऱ्याशी तह करून टाकी.

माझ्या मते त्या पहिल्या तक्त्यातील सर्वांत सत्यदर्शी कल्पना हीच होती. फौज, खजिना, शहरे आणि शास्त्रे ही सारी खेळाडूच्या आज्ञेत; परंतु लोकशाही निवडणाऱ्याने स्वतःच्या हातांना बंधन स्वीकारावे, आणि जी समृद्धी त्याला लाभते ती या बंधनाची जोडीदार आहे हे जाणावे, असा धडा त्या ओबडधोबड सिनेटने दिला. सत्तांतराची किंमतही रचनाकारांनी वगळली नाही. एक पद्धत सोडून दुसरी घ्यावयाची तर मध्यंतरी काही पाळ्या अराजकात काढाव्या लागत, आणि त्या काळात वसूल थांबे, संशोधन थिजे. ज्याने पिरॅमिड बांधले असतील त्यालाच या संक्रमणातून सुखरूप पार पडता येई. राज्यपद्धती बदलणे हे राज्यकर्त्याच्या लहरीचे काम नव्हे, समाजाला त्यासाठी हानी सोसावी लागते, हे इतक्या थोड्या साधनांनी क्वचितच कोणी सांगितले असेल.

तथापि या तक्त्याच्या मुळाशी एक सदोष गृहीत होते, आणि त्याचाही उल्लेख केला पाहिजे. जुलूम ही मानवी समाजाची आद्य अवस्था आणि लोकशाही ही पुष्कळ विद्या संपादन केल्यावर येणारी अखेरची पायरी, असा सरळ चढता जिना त्यात कल्पिलेला होता. प्रत्यक्ष इतिहास असा जिना चढत गेलेला नाही. बुद्धाच्या काळी मगध आणि कोसल येथे राजे राज्य करीत असतानाच शेजारी वज्जी आणि मल्ल यांचे गणसंघ सभेत बसून आपला कारभार पाहत होते. काशीप्रसाद जयस्वाल यांनी १९२४ साली ‘हिंदू पॉलिटी’ या ग्रंथात या गणराज्यांकडे अभ्यासकांचे लक्ष जोराने वेधले होते. सभा ही राजसिंहासनाइतकीच प्राचीन आहे, ही गोष्ट त्या तक्त्यात कोठेच बसत नव्हती. ज्या वर्षी सोव्हिएत संघाचे विसर्जन झाले त्याच वर्षी हा खेळ बाहेर पडावा, आणि त्यात लोकशाही हा प्रगतीचा कळस ठरावा, यात त्या काळाच्या आत्मविश्वासाचे प्रतिबिंब सहज दिसते.

भारताचे प्रतिनिधी म्हणून या खेळात महात्मा गांधी होते, आणि त्यांच्याविषयी पुढे एक आख्यायिका प्रसृत झाली: गांधींच्या आक्रमकतेचा अंक केवळ एक होता, त्यांनी लोकशाही स्वीकारताच त्यातून दोन वजा झाले, आणि शून्याखाली जाण्याची सोय नसल्यामुळे तो एकदम २५५ वर उडून ते अण्वस्त्रांचे भोक्ते बनले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सिड मायर यांनी असा दोष खेळात कधीच नव्हता असे स्पष्ट सांगितले. तरीही ती कथा जगभर खरी मानली गेली, कारण राज्यपद्धती बदलली की राज्यकर्त्याचा स्वभावच पालटतो, ही कल्पना खेळाडूंना आधीच पटलेली होती.

१९९६ साली ब्रायन रेनल्ड्स यांनी रचलेल्या दुसऱ्या आवृत्तीत धर्ममूलतत्त्ववादी राज्याची भर पडली. त्यात कोणीही नागरिक असंतुष्ट होत नसे, मात्र संशोधन निम्म्यावर येई. १९९९ साली याच रेनल्ड्स यांनी फिरॅक्सिस कंपनीसाठी ‘अल्फा सेंटॉरी’ हा परग्रहावरील वसाहतींचा खेळ सिद्ध केला आणि राज्यपद्धतीचे राजकारण, अर्थव्यवस्था, मूल्ये आणि भावी समाज असे चार विभाग पाडून प्रत्येकात स्वतंत्र निवड ठेवली. त्यातील एका पक्षाचा नायक, प्रवीण लाल नावाचा कल्पित भारतीय, संयुक्त राष्ट्रांचा वारसा सांगणारा असल्यामुळे त्याला पोलिसी राज्य निवडण्याची मुभाच नव्हती. राज्यकर्त्याचे तत्त्व त्याच्या निवडीला मर्यादा घालते, हा विचार येथे सिनेटपेक्षाही सूक्ष्म रूपाने प्रकट झाला.

हीच विभागणी २००५ सालच्या चौथ्या आवृत्तीत सोरेन जॉन्सन यांनी पुढे नेली. शासन, कायदा, श्रम, अर्थ आणि धर्म अशी पाच दालने, आणि प्रत्येकात पाच पर्याय. श्रमाच्या दालनात गुलामगिरी, भूदासपण आणि दास्यमुक्ती यांच्या पंक्तीला जातिव्यवस्थाही बसविली गेली, आणि येथे मराठी वाचकाने थांबून पाहणे अवश्य आहे. जातिव्यवस्था निवडणाऱ्या खेळाडूला आपल्या शहरात हवे तितके विद्वान, कलावंत आणि व्यापारी नेमता येत; एरवी त्यासाठी ग्रंथालये, नाट्यगृहे, बाजारपेठा बांधाव्या लागत, ती अट येथे उठे. म्हणजे ज्या व्यवस्थेने जन्माच्या आधारे विद्येची दारे बहुसंख्यांना बंद केली, त्या व्यवस्थेत खेळाडू कोणत्याही नागरिकाला मनास येईल तेव्हा विद्वान करू शके. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून ज्या दास्यावर आघात केला, आणि जात ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे असे १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरसाठी लिहिलेल्या, परंतु करू न दिलेल्या भाषणात जे दाखवून दिले, त्याच्या नेमके उलट चित्र या तक्त्याने उभे केले. गुलामगिरीत माणसे खर्ची घातली की शहरात काही काळ असंतोष माजे. जातिव्यवस्थेला तेवढेही दुःख जोडलेले नव्हते. ज्यांच्या वाट्याला ती व्यवस्था आली त्यांची बाजू हिशेबात धरलीच गेली नाही, आणि या रचनेतील हे वैगुण्य गंभीर आहे.

त्याच दालनात एक उत्कृष्ट कल्पनाही होती, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. एका राष्ट्राने दास्यमुक्ती स्वीकारली की ज्यांनी ती स्वीकारली नाही त्या राष्ट्रांतील प्रजा अस्वस्थ होऊ लागे. स्वातंत्र्याची वार्ता सरहद्दीवर अडवता येत नाही, आणि शेजाऱ्याच्या अंगणात उगवलेला न्याय आपल्या राजाकडे मागण्याची बुद्धी रयतेला होतेच, हे सत्य त्या एका नियमात सामावले होते.

२०१० सालच्या पाचव्या आवृत्तीत राज्यपद्धतींची जागा संचित होत जाणाऱ्या सामाजिक धोरणांनी घेतली, आणि २०१३ सालच्या पुरवणीने त्यात तीन विचारप्रणाली आणल्या. परराष्ट्राच्या संस्कृतीचा प्रभाव वाढला की तेथील लोकमताचा दाब खेळाडूवर येई. २०१६ सालच्या सहाव्या आवृत्तीत एड बीच यांनी राज्यपद्धतींना पुन्हा मानाचे स्थान दिले, परंतु त्या आता धोरणांची कार्डे ठेवण्याच्या खणांच्या चौकटी झाल्या: कोणाकडे लष्करी खण अधिक, कोणाकडे आर्थिक. अराजक उरले ते पूर्वी सोडलेल्या पद्धतीकडे परतणाऱ्यापुरतेच. निवड अधिक चतुर झाली, हिशेब अधिक रंजक झाला; मात्र खेळाडूच्या इच्छेच्या आड येणारी सिनेट कोठेच राहिली नाही.

कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. या दृष्टीने पाहता संगणकाच्या पटावर सहा अंगे उत्तम रीतीने अवतरली आहेत. सातवे, म्हणजे स्वामीहून वेगळी बुद्धी आणि वेगळे मत असणारा अमात्य, पहिल्या आवृत्तीत सिनेटच्या रूपाने क्षणभर दिसला आणि पुढे त्याला रजा देण्यात आली, कारण खेळणाऱ्याला अडथळा आवडत नाही, अशी समजूत बळावली. ही समजूत मला मान्य नाही. राज्यपद्धतीतील निवड अर्थपूर्ण होते ती तिच्यामुळे मिळणाऱ्या लाभाने नव्हे. आपण निवडलेली व्यवस्था उद्या आपल्यालाच ‘नाही’ म्हणू शकेल, या जाणिवेने होते. पुढील तक्ता जो कोणी मांडील त्याने अमात्याला त्याचे आसन परत द्यावे, आणि ज्यांच्यावर राज्य केले जाते त्यांच्या सुखदुःखाला जमाखर्चात स्थान द्यावे. एवढे झाले तर हा खेळ करमणुकीइतकेच राजनीतीचेही शिक्षण देईल, आणि ते देण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी आहे हे १९९१ सालीच सिद्ध झाले आहे.